रिकामा कर्मचारी विभाग मोडून साच्यांना जागा देण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (प्रशासन),
कृत्रिम अवयव केंद्र,
मुख्य इमारत, तिसरा मजला.

अर्जदार : सर्व्हर-व्यवस्थापिका, कार्यशाळा, तळमजला (जिन्याखालची खोली).

विषय : सर्व्हरवरील कर्मचारी विभाग मोडून ती जागा रुग्णांच्या साच्यांना देण्यासाठी आज दुपारपूर्वी परवानगी व आपल्या कपाटातील लिफाफा मिळणेबाबत.

संदर्भ : १) मूळ निवड कायम ठेवण्याबाबतचा कार्यालयीन आदेश.
२) मूळ निवड कायम ठेवल्याबद्दल मला बजावलेली कारणे दाखवा नोटीस.
३) याच विषयावरील माझे यापूर्वीचे अर्ज.

महोदय,

१. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करते की, माझे यापूर्वीचे अर्ज "भाषा तांत्रिक आहे, सोपी करून फेरसादर करावा" या शेऱ्यासह परत आले. शेरा शिरसावंद्य मानून मी मजकूर घरी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांना जिथे कळेना तिथे शब्द बदलले. शेवटी त्यांना सगळे समजले आणि त्यांनी "मग अजून केलं का नाही?" असे विचारले. या प्रश्नाचे उत्तर माझ्या पातळीवर उपलब्ध नसल्याने तो आपल्याकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवीत आहे.

२. आपल्या केंद्रात पाय गमावलेल्या माणसांसाठी कृत्रिम पाय तयार होतात हे आपणांस ज्ञात आहेच. उरलेला पाय ज्या वाटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. खालची नळी, घोटा, पंजा हे सारे तयार मिळते. सॉकेट मिळत नाही, ते ज्याचे त्यालाच होते. तंत्रज्ञ स्कॅनरने माप घेतात, पडद्यावर आकार सुधारतात, कुठे दाबायचे आणि हाडापाशी कुठे सैल सोडायचे ते ठरवतात. मग रुग्ण ते घालून चालतो, त्याला जखम होते, आकार पुन्हा सुधारला जातो. अशा फेऱ्या करता करता एकदाचा जो आकार जमतो त्याची फाइल म्हणजे साचा. पुढे सॉकेट झिजले वा तडकले की त्याच साच्यावरून यंत्र नवे कोरून देते. पूर्वी हे साचे प्लास्टरचे असत आणि मागच्या खोलीत फळ्यांवर ठेवलेले असत. सर्व्हर आल्यावर जागा मोकळी करण्यासाठी ते फोडण्यात आले. त्या फळ्यांवर सध्या जुन्या निविदा आहेत.

३. आता साचे सर्व्हरच्या डिस्कवर राहतात. डिस्कवर फाइली कुठे व कशा मांडायच्या याची जी पद्धत असते तिला फाइल सिस्टिम म्हणतात. सर्व्हर बसवताना ती निवडावी लागते. आपण काहीच निवडले नाही तर सर्व्हरची प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बनवणारी कंपनी स्वतःच्या पसंतीची लावून देते. तिला मूळ निवड किंवा डिफॉल्ट असे म्हणतात. माझ्या आधीच्या व्यवस्थापकांनी कंपनीची पसंती डावलून स्वतःच्या अकलेने मांडणी केली आणि नोकरी सोडून गेले. ती मांडणी त्यांच्यामागे कुणालाच उलगडेना. त्यातून संदर्भ क्र. १ चा आदेश निघाला. त्यातील वाक्य जसेच्या तसे देते : "यापुढे सर्व्हर बसवताना प्रत्येक टप्प्यावर मूळ निवड कायम ठेवावी. कर्मचाऱ्याने स्वतःचे डोके चालवू नये."

४. त्यानुसार प्रणालीची नवी आवृत्ती बसवण्याच्या दिवशी मी डोके चालवले नाही. संगणक समितीचे दोन सदस्य साक्षीदार म्हणून माझ्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर प्रश्न आला की मी मागे पाहायची, ते मान हलवायचे आणि मी "पुढे" हे बटण दाबायची. शेवटी दोघांनी माझे अभिनंदन केले. समारंभाचा फोटो कर्मचारी विभागात जतन केलेला आहे.

५. महोदय, झाले असे की दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात कंपनीने आपली पसंतीच बदलली होती. जुन्या आवृत्तीची मूळ निवड एक्स्ट-फोर नावाची फाइल सिस्टिम होती. नव्या आवृत्तीची मूळ निवड एक्सएफएस आहे. मला तिच्याविषयी आकस नाही. मोठ्या फाइलींना ती उत्तम आहे, कामाला चपळ आहे, आजवर तिने मला एकदाही दगा दिलेला नाही. तिचा एकच स्वभाव आहे : तिला दिलेला विभाग वाढवता येतो, पण लहान करता येत नाही. जुनीला सोयीने आवरून घेता येत असे. शिवाय डिस्कचे विभाग पाडतानाही मूळ निवडच कायम ठेवल्यामुळे प्रणालीच्या विभागाला, जिथे साच्यांचे सॉफ्टवेअर आपल्या फाइली ठेवते, लहानसा तुकडा मिळाला. उरलेली सगळी डिस्क कर्मचाऱ्यांच्या खासगी फाइलींसाठी असलेल्या विभागाला गेली. दोन खोल्यांच्या घरात पाहुण्यांसाठी दिवाणखाना आणि घरच्यांना माळा, तसे हे झाले आहे.

६. यावर तपासणी पथक आले. त्यांच्या कागदावर जुनी फाइल सिस्टिम होती, सर्व्हरवर नवी दिसली. त्यांनी "फाइल सिस्टिम विनापरवानगी बदलली" असा आक्षेप नोंदवला आणि मला संदर्भ क्र. २ ची नोटीस आली. मी काहीही बदलले नाही म्हणूनच बदल झाला, असा खुलासा मी दिला. तो "उद्धट" या शेऱ्यासह माझ्या सेवापुस्तकात लावला आहे. आता जुनी फाइल सिस्टिम परत आणायची तर मूळ निवड मोडावी लागेल, म्हणजे आदेशाचा भंग. नवीच ठेवायची तर आक्षेप कायम. इकडे आड, तिकडे विहीर आणि मधल्या बांधावर मी उभी. पण तो माझा वैयक्तिक प्रश्न आहे. या अर्जात मी त्याबद्दल रडत नाही.

७. साच्यांचा विभाग भरत आला तेव्हा मी नवी डिस्क मागितली. खरेदी शाखेने सर्व्हरचा अहवाल पाहिला. त्यात डिस्कचा बहुतेक भाग रिकामा दिसतो आणि ते खरेच आहे. "रिकामी जागा असताना खरेदी कशाला?" असे लेखी उत्तर आले. मग साचे कर्मचारी विभागात ठेवू का, असे विचारले. समितीने "रुग्णांची खासगी माहिती कर्मचाऱ्यांच्या फाइलींत ठेवणे हा गोपनीयतेचा भंग आहे" असे कळवले. हे उत्तर मात्र बरोबर आहे, आणि मला समितीचा राग आला असताना ते बरोबर असल्यामुळे जास्तच राग आला. त्यानंतर समितीने स्वतःहून तोडगा काढला : दर सोमवारी सर्वांत जुने साचे पुसावेत व नव्यांना जागा करावी.

(हा परिच्छेद लिहीत असताना मला उठून पडदा पाहून यावे लागले. सकाळचे रुग्ण सुरू झाले आहेत. अक्षर वेडेवाकडे झाले असल्यास क्षमस्व.)

८. सर्वांत जुने साचे म्हणजे निरुपयोगी साचे, अशी समितीची समजूत दिसते. वस्तुस्थिती उलटी आहे. जुना साचा म्हणजे ज्या माणसाला एकदा जमले आणि नंतर ज्याने तक्रार केली नाही, त्याचा साचा. तक्रार न करणाऱ्यांची फाइल आपल्याकडे सर्वांत आधी जाते. रोजचा बॅकअप घेतला जातो, पण तो सर्व्हरची हुबेहूब नक्कल असतो. इथे पुसले की दुसऱ्या दिवशी तिथूनही जाते. मागे एक सेवानिवृत्त बसचालक सॉकेट झिजले म्हणून आले. त्यांचा साचा आदल्याच सोमवारी मी स्वतः पुसला होता. नव्याने माप घेतले, पुन्हा पुन्हा बसवून पाहिले, पण पूर्वीसारखे जमले नाही. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त "बाई, माझा जुना पाय तेवढा बघा ना कुठं ठेवलाय," असे म्हटले आणि मी कपाट उघडून पाहण्याचे नाटक केले. हल्ली ते काठी घेऊन येतात.

९. आता मूळ मुद्द्यावर येते. या प्रकरणात माझा वैयक्तिक हितसंबंध आहे, तो लपवणे योग्य नाही म्हणून नमूद करते. आज सोमवार आहे. आज ज्यांची पाळी आहे त्या साच्यांत माझ्या थोरल्या नणंदेचा साचा आहे. नणंदबाई केस कापण्याचे काम करतात. दुकान त्यांचे स्वतःचे आहे, खुर्च्या गिऱ्हाइकांच्या आणि उभे राहणे त्यांचे. गुडघ्याखालचा डावा पाय गेला तेव्हा त्यांना साचा जमायला मोठा काळ लागला. पायाला जखमा होत, त्या भरेपर्यंत दुकान बंद. माझ्या लग्नाची बोलणी त्याच सुमारास चालली होती, आणि मुलगी पाहायला आलेल्या नणंदबाई कुबड्यांवर होत्या. माझे केस पाहून "पोरगी छान आहे, केस कुणी कापले त्याला मात्र तुरुंगात टाका," असा अभिप्राय त्यांनी दिला होता. पुढे साचा जमला आणि तेव्हापासून त्या उभ्या आहेत.

१०. त्यांच्या सॉकेटला मागल्या बाजूने तडा गेला आहे. तडा चिकटपट्टी गुंडाळून धरला आहे. चालताना कातडी चिमटली जाते. हे मला त्यांनी सांगितलेले नाही, घरात त्या खुर्ची, टेबल, भिंत असा आधार धरत जाऊ लागल्या त्यावरून कळले. नवे सॉकेट मंजूर आहे. कोरण्याच्या यंत्रावर त्यांचा क्रमांक पुढच्या महिन्यात लागेल. साचा मात्र आज जाईल. म्हणजे पुढच्या महिन्यात यंत्र मोकळे असेल, प्लास्टिक असेल, मंजुरी असेल, माणूस असेल आणि कोरायला आकार नसेल. मंजुरी प्रलंबित असलेले साचे वगळावेत असे मी समितीला कळवले होते. "अपवाद केल्यास पायंडा पडेल" असे उत्तर आले.

११. आपण म्हणाल की नणंदेचा तेवढा बाजूला ठेवा. खोटे कशाला बोलू, माझ्याही मनात आले. त्याच्या जागी यादीतला पुढचा साचा घेतला तर कुणाला पत्ताही लागणार नाही. पण पुढचा साचा म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी नणंद. तरीही मी घरी विषय काढला. नणंदबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता "माझा एकटीचा ठेवायला मी काय सोन्याची लागून गेले? बाकीच्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" असे विचारले. जेवताना त्या एरवी माझी चेष्टा केल्याशिवाय राहत नाहीत. त्या रात्री केली नाही. त्या दिवसापासून माझे कशात लक्ष नाही. चहा करायला ठेवते आणि विसरते. पडद्यासमोर बसले की उठावेसे वाटते, उठले की परत बसावेसे वाटते.

१२. मग आज पुसणेच टाळले तर, असाही विचार केला. तसे करता येत नाही. आज दुपारी एक लहान मुलगी पहिल्या पायाचे माप द्यायला येणार आहे. तिचे वडील कामावरची रजा काढून, वाहन बदलत बदलत तिला घेऊन येतात. मागच्या वेळी स्कॅनर बिघडला होता म्हणून ती परत गेली. आज जागा नसेल तर स्कॅन साठवला जाणार नाही आणि ती पुन्हा परत जाईल. तिने मला फोनवर "आज नक्की ना?" असे विचारले आहे आणि मी "नक्की" म्हणून बसले आहे. या मुलीला परत पाठवण्याची माझी छाती नाही. म्हणजे परवानगी आली नाही तर दुपारी मी नणंदेचा साचा पुसणार. हे वाक्य मी दोनदा खोडले होते. पण अर्जात वस्तुस्थिती असावी म्हणून पुन्हा लिहिले.

१३. यावर उपाय आहे, आणि तो जेवणाच्या सुट्टीत होण्यासारखा आहे. कर्मचारी विभाग लहान करता येत नाही, पण पूर्ण मोडता येतो. त्यातले सामान काढून ठेवायचे, विभाग मोडायचा, मोकळी झालेली जागा साच्यांच्या विभागाला जोडायची (वाढण्याचे काम ही फाइल सिस्टिम आनंदाने करते), मग थोड्या जागेत कर्मचारी विभाग पुन्हा उभारायचा आणि सामान परत ठेवायचे. नवा विभागही मूळ निवडीचाच असेल. म्हणजे आदेश क्र. १ च्या केसालाही धक्का नाही. एवढ्या मोठ्या विभागात आहे तरी काय, हे मी ज्याचे त्याला विचारले, कुणाचे काही उघडून पाहिलेले नाही. सहलीचे फोटो, निरोपसमारंभाची भाषणे, लेखापालांची व्यायामाची चित्रफीत आणि त्यांनी त्यात केलेला पहिल्या दिवसाचा व्यायाम. दुसरा दिवस नाही. हे सर्व माझ्या टेबलावरच्या संगणकात सहज मावते. रुग्णांचे साचे तिथे ठेवायला त्याच गोपनीयतेची मनाई आहे, सहलीच्या फोटोंना नाही.

१४. साचे पुसण्याचा अधिकार मला एकटीला आहे. विभाग मोडण्याचा नाही. त्यासाठी मुख्य पासवर्ड लागतो, त्याचा अर्धा भाग माझ्याकडे आणि अर्धा आपल्या कपाटातील मोहोरबंद लिफाफ्यात असतो. माणसाचा पाय पुसायला एक सही पुरते आणि सहलीचे फोटो हलवायला दोन लागतात, हा नियम कुणी केला याचा मी शोध घेतलेला नाही. घेतला असता तर आणखी एक नोटीस आली असती.

१५. शेवटचा मुद्दा लिहू की नको, अशी चलबिचल बराच वेळ चालली आहे. मागच्या आठवड्यात आपण जिन्यात भेटलात. मी विषय काढला. आपण इकडेतिकडे पाहून हळूच विचारलेत, "पुसलेलं परत येतं का हो?" मी नियमाला धरून "नाही" म्हटले. आपण "मग राहू द्या," म्हणालात आणि वर निघून गेलात. मला आधी संताप आला. नंतर लक्षात आले की कर्मचारी विभागात आपलाही एक फोल्डर आहे. त्यात काय आहे ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचेही नाही. पण ज्या माणसाला काही जाण्याची एवढी भीती वाटते त्याला माझा अर्ज कळला नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. आपला फोल्डर सर्वांत आधी काढीन. आपण माझ्या खुर्चीवर बसून एकेक फाइल उघडून पाहावी, सगळे जागेवर आहे असे आपण म्हणेपर्यंत मी विभागाला हात लावणार नाही. हवे तर मी त्या वेळी खोलीबाहेर उभी राहीन.

१६. सबब, या अर्जावर आपली एक सही आणि तो लिफाफा आज दुपारपूर्वी मिळावा ही विनंती. यात काही बिघडले तर जबाबदारी संपूर्णपणे माझी राहील आणि तसे मी खाली लिहून देत आहे. बिघडले नाही तर श्रेय समितीने घ्यावे, माझी हरकत नाही.

१७. आवक शाखेत अर्ज टाकला की आपल्या टेबलापर्यंत यायला त्याला जो वेळ लागतो तो आज नाही. म्हणून हा अर्ज हातोहात पाठवीत आहे. मुख्य इमारतीची लिफ्ट बंद आहे, त्यामुळे अर्ज आणणाऱ्या बाई तीन मजले जिना चढून आलेल्या असतील. आपण हे वाचत असताना त्या आपल्या टेबलासमोर उभ्या असतील. त्यांना "बसा" म्हणावे. त्या बसतील असे वाटत नाही, उत्तर घेऊन लगेच निघायचे असे ठरवून आल्या आहेत. मीच येणार होते, पण त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

सही व लिफाफ्याच्या प्रतीक्षेत, पडद्यासमोर,

आपली नम्र,
(सही)
सर्व्हर-व्यवस्थापिका

दिनांक : आजचा, सोमवार, सकाळ.

जबाबदारीचे हमीपत्र : वरील कामात कुणाचीही कोणतीही फाइल गेल्यास त्यास मी एकटी जबाबदार राहीन. (सही)

सोबत :
१. कार्यालयीन आदेशाची प्रत.
२. कारणे दाखवा नोटीस व माझा "उद्धट" खुलासा.
३. आज पुसावयाच्या साच्यांची यादी.
४. तडा गेलेले सॉकेट, डावा पाय. (वापरात असल्याने काढून जोडता आले नाही. अर्ज घेऊन आलेल्या बाईंच्या पायात आहे. कृपया पाहावे.)